वकीलमामूंचा बार

दारूचा एक थेंबही न चाखता दारूबद्दल इतकी माहिती असलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. बाटली न उघडता नुसती कानाजवळ धरून हलवली, की आत किती पेग उरलेत हे वकीलमामू सांगत, आणि ते बरोबर निघे. कोणत्या साहेबाला तिसऱ्या ग्लासनंतर बायकोची आठवण येते आणि कोणाला चौथ्यानंतर भांडण सुचतं, हेही त्यांना पाठ होतं. डोक्यावर विणलेली पांढरी टोपी आणि अंगात कंपनीने दिलेला काळा बंद गळ्याचा कोट, अशा वेषात त्यांनी नऊ वर्षं दुबईतल्या एका वसाहतीच्या बारमध्ये गोऱ्यांना व्हिस्की, जिन आणि बिअर ओतून दिली. या नऊ वर्षांत त्यांची एकाही वेळची नमाज चुकली नाही.

ही साठच्या दशकातली गोष्ट. अमिरात नावाचा देश तेव्हा झालेला नव्हता. दुबईत खाडी होती, खाडीत होड्या होत्या आणि बाकी सगळी वाळू. खाडीतला गाळ काढायला आणि धक्के बांधायला एक विलायती कंपनी आली होती. तिने गावाबाहेर साठ-सत्तर घरांची वसाहत उभी केली. लाकडी भिंती, पत्र्याचं छप्पर, प्रत्येक घरापुढे कुंपण आणि कुंपणात एकही झाड नाही. पाण्याची टाकी, दवाखाना आणि शाळा यथावकाश झाल्या. बार मात्र पहिल्याच महिन्यात झाला. दारावर इंग्रजीत ‘द अँकर’ अशी पाटी होती. वसाहतीत कोकणातले खलाशी, सुतार आणि फिटर मिळून शंभरेक माणसं होती. त्यांनी त्याचं सरळ भाषांतर करून ‘नांगर’ केलं. नवा आलेला माणूस विचारी, ह्या वाळूत नांगर कशाला? मग त्याला दाखवायला नेत, अर्थात बाहेरून. आत फक्त परवाना असलेले गोरे जात.

माझे मिस्टर कंपनीत स्टोअरकीपर होते. मी लग्नाआधी मुंबईत टायपिंग शिकले होते आणि घरात बसून वाळू झाडण्यापेक्षा काहीतरी करावं म्हणून वसाहतीच्या ऑफिसात टायपिस्ट झाले. माझी खिडकी नेमकी नांगराच्या मागच्या दारासमोर होती. त्यामुळे मी बारमध्ये कधी पाऊल टाकलं नाही, तरी त्याचा कारभार सात-आठ वर्षं रोज पाहिला. मागच्या दाराशी एका खुर्चीवर बसून मामू ग्लास पुसत. पुसलेला ग्लास उन्हात धरून पाहत आणि पुन्हा पुसत. मला म्हणत, “बाय, ग्लासात काय घालतात त्याचं पाप असंल तर ते घालणाऱ्याचं. पण ग्लास घाण निघाला तर तो गुन्हा माजा.”

त्यांना ही नोकरी मिळाली ती मुसलमान असल्यामुळेच. आधीचा बारमन जहाजावरचा एक म्हातारा इंग्रज स्ट्युअर्ड होता. तो मेंबरांपेक्षा जास्त पिई आणि हिशोबात उंदरांचं नाव सांगे. शेवटी मॅनेजर वैतागला. मजुरांच्या मुकादमाला बोलावून त्याने विचारलं, तुमच्यात सगळ्यात धार्मिक माणूस कोण? मुकादमाने विचार न करता मामूंचं नाव सांगितलं. मामू तेव्हा पाण्याच्या टाकीवर होते आणि जोहरची, म्हणजे दुपारची, अजान झाली की टाकी वाहत असली तरी नळ सोडून निघत. अशा रीतीने टाकीचंही भलं झालं आणि बारचंही. मामूंनी मात्र नोकरी घेण्याआधी तीन दिवस कोणाशी बोलणं टाकलं होतं. चौथ्या दिवशी गावाहून पत्र आलं. मुलीचं नाव शाळेत घातलंय, घराची कौलं पावसाळ्याआधी बदलायला हवीत, असं त्यात होतं. ते वाचून मामू गेले आणि कोटाचं माप देऊन आले.

आता ‘वकील’ हे नाव. मामूंचं गाव रत्नागिरीच्या खाडीपलीकडचं. दुबईला येण्यापूर्वी सहा वर्षं ते रत्नागिरीच्या कोर्टात चहापाण्याचं काम करीत. कोर्टात वकिलांची बसायची जी खोली असते, तिला सगळे बार म्हणत. मामू सकाळी होडीने खाडी उतरत आणि विचारलं तर सांगत, “बारमध्ये जातोय.” गावाला बार म्हणजे ते एवढंच माहीत. दुसरा कुठला बार असतो, हे त्या गावात कोणाला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. दुबईहून मामूंनी घरी लिहिलं, ‘अल्लाच्या मेहरबानीने मला इथे कंपनीच्या बारमध्ये कायमची नोकरी मिळाली. पगार चांगला आहे, काळा कोट मिळाला आहे.’ पत्र घरात मोठ्याने वाचलं गेलं. काळा कोट ऐकल्यावर मग शंकेला जागाच उरली नाही. मामूंची आई शेजारणीला म्हणाली, माझा इब्राहीम तिथं वकील झाला. आठ दिवसांत ते गावभर झालं आणि पुढच्या बोटीने आलेल्या एका सुताराबरोबर परत दुबईला आलं.

इथे आम्ही सगळे पोट धरून हसलो आणि त्यांना वकीलमामू म्हणायला लागलो. गोऱ्यांनी चौकशी केली, वकील म्हणजे काय? अर्थ कळल्यावर त्यांनी मामूंना थेट जज करून टाकलं. एवढी जलद बढती कंपनीत दुसऱ्या कोणाला मिळाली नाही.

मी स्वभावाने स्पष्ट बोलणारी. एकदा मी म्हटलं, “मामू, घरी खरं लिहून टाका. उद्या कळलं तर जास्त वाईट.”

“मी खोटं काय लिवलं, बाय? बार लिवलं, तो बारच हाय. कोट काळा लिवला, तो काळाच हाय.”

“पण त्यांनी भलतंच वाचलं.”

“मग वाचणाऱ्यानं जपून वाचायला नको?” असं म्हणून त्यांनी पुढचा ग्लास उचलला.

नमाजेसाठी त्यांनी बारच्या मागची रिकाम्या खोक्यांची खोली मागून घेतली होती. खोली लहान, तिन्ही भिंतींना बिअरच्या खोक्यांची रास. पश्चिमेची भिंत मात्र त्यांनी स्वतः मोकळी केली, चुना लावला आणि सगळी खोकी पूर्वेला पाठीमागे रचली. मी विचारलं, सगळीच खोलीबाहेर का नाही काढली? म्हणाले, “जागा नाय. आनि मागं असू दे. नमाज पडताना अल्लाच्या बंद्याला म्हाईत पाहिजे, आपल्या मागं काय उभं हाय.” ड्युटीवर जाताना काळा कोट चढवत आणि सुटल्यावर तो आमच्या मिस्टरांच्या स्टोअरमध्ये एका खिळ्याला अडकवून जात. राहायच्या खोलीवर त्यांनी तो कोट कधी नेला नाही. त्यांच्यासोबत खोलीत राहणारे गावाकडचे दोघे फिटर होते. त्या दोघांना मामूंनी कुराणावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली होती, की गावी ह्यातलं अक्षर बोलायचं नाही.

नांगराची खरी ख्याती तिथल्या बिअरची नव्हती. बिअर बहुतेक वेळा कोमट असे, कारण जनरेटर दिवसातून दोनदा बंद पडे. ख्याती होती ती मामू ग्लास नाकारत त्याची. माणूस पुरेसा प्याला असं त्यांच्या मनाने घेतलं, की ते त्याच्यासमोरचा ग्लास उचलून पालथा घालत आणि म्हणत, “सर, तारीख टुमारो.” कोर्टात सहा वर्षं त्यांनी हाच एक शब्द सगळ्यात जास्त ऐकला होता. सुरुवातीला गोरे चिडत. मॅनेजरकडे तक्रार गेली. पण महिनाभराने मॅनेजरच्या लक्षात आलं, की सकाळी कामावर माणसं वेळेवर येतायत आणि क्रेनवरचे अपघात थांबलेत. त्याने मामूंना बोलावून सांगितलं, चालू द्या. मग गोऱ्यांनाही त्याची गंमत वाटायला लागली. “जज, आज एक अपील,” असं ते विनवत. मामू घड्याळाकडे पाहत, माणसाकडे पाहत आणि म्हणत, “डिसमिस.”

गाळ काढणाऱ्या ड्रेजरवरचा एक फोरमन होता, सहा फूट उंच, लाल मानेचा, हात फावड्यासारखे. एकदा त्याची बायको लहान मुलीला कडेवर घेऊन नांगराच्या मागच्या दाराशी आली. बायकांना पुढच्या दाराने यायला बंदी नव्हती, पण ती मागूनच आली. दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. मुलीच्या पायात चप्पल नव्हती, एवढं मी खिडकीतून पाहिलं. मामूंनी तिला स्वतःची खुर्ची दिली आणि आत गेले. त्या दिवसापासून फोरमनला दोन ग्लासांवर तिसरा मिळेना. तो ओरडला, काउंटरवर मूठ आपटली, नोकरी घालवीन म्हणाला. मामू शांतपणे म्हणाले, “सर, युवर केस इज विथ मॅडम. शी गिव्ह ऑर्डर, आय गिव्ह ग्लास.” फोरमन घरी गेला. मॅडमनी ऑर्डर काही दिली नसावी, कारण तो पुढे दोनांवरच राहिला. नाताळला त्या बाईने मामूंना केक पाठवला. मामूंनी तो माझ्याकडे आणून विचारलं, “ह्यात दारू असंल का गं?” मी वास घेतला. होती. त्यांनी केक आदराने कागदात गुंडाळून मॅनेजरच्या घरी पोचता केला. ही गोष्ट मी त्या बाईला कधी सांगितली नाही.

अशी सहा-सात वर्षं गेली. मग एक दिवस मामू ऑफिसात पत्र घेऊन आले. चेहरा असा, की पत्रात मौत आहे की शादी, कळेना. शादी होती. त्यांची मुलगी हलिमा सातवी पास होऊन घरी बसली होती. शेजारच्या गावच्या खतीबांनी आपल्या मुलासाठी तिला मागितलं होतं. खतीब म्हणजे शुक्रवारी, जुम्म्याला, मशिदीत खुत्बा म्हणजे प्रवचन देणारे. पंचक्रोशीत त्यांच्या शब्दाला वजन. पत्रात लिहिलं होतं, ‘तुम्ही परमुलखात राहून न्यायाच्या कामात आहात, नमाजी आहात, असं ऐकून आम्ही हे स्थळ पसंत केलं.’ खाली मशिदीचं थोडं रडगाणं होतं. मिंबराला, म्हणजे ज्या पायऱ्यांवर उभं राहून खुत्बा देतात त्याला, वाळवी लागली होती.

“आता तरी सांगा,” मी म्हटलं.

“आता कसं सांगू? खतीबाचा पोरगा हाय. दारूच्या पैशावर वाढलेली पोरगी ते घरात घेतील? मोडतील. आनि मोडलेलं लग्न सगळ्यांना म्हाईत व्हतं. मग दुसरा कोन विचारनार?”

“आणि लग्नानंतर कळलं तर?”

“लग्नानंतर मी नोकरी सोडीन. मग बारच नसंल, तर कळनार काय?”

ह्या युक्तिवादावरून त्यांनी वकिलांमध्ये सहा वर्षं फुकट काढली नव्हती हे दिसतं. मी परत टाइप करायला लागले. मुलगी त्यांची होती.

नोकरी सोडायची वेळ मात्र त्यांच्यावर आली नाही. नोकरीच त्यांना सोडून गेली. खाडीचं काम संपत आलं. फोरमन, ड्रेजरवाले, त्यांच्या बायका एकेक करून विलायतेला परतल्या. गावात एअरकंडिशनवालं हॉटेल झालं. तिथे बिअर बर्फासारखी गार मिळे आणि ग्लास कोणी पालथा घालत नसे. जे थोडे गोरे उरले ते मोटारीने तिकडे जायला लागले. नांगरात संध्याकाळी तीन माणसं बसत. त्यांतला एक बहिरा होता आणि उरलेले दोघे एकमेकांशी बोलत नसत. डार्टचा फळा पडला, तो कोणी परत टांगला नाही. पाटीवरचं एक अक्षर गळालं. मामू तरीही सगळे ग्लास रोज पुसत, न वापरलेलेसुद्धा. मी म्हटलं, कशाला? म्हणाले, “कोर्टात पक्षकार आला नाय तरी जज बसतो ना.”

मग कंपनीचा हुकूम आला. वसाहत पाडायची, जागेवर गोदामं बांधायची, सुरुवात बारपासून. तो हुकूम मीच टाइप केला, पाच प्रतींत. मामूंना दोन महिन्यांचा पगार आणि बोटीचं तिकीट मिळणार होतं. हलिमाचं लग्न त्यानंतर महिन्याभराने ठरलं होतं. मामू इतके खूश झाले, की मला संशय आला, हुकूम काढायला ह्यांनीच दुआ मागितली की काय. “खलास, बाय,” ते म्हणाले. “बार पडला, गोष्ट संपली. इन्शाल्ला कोनाला काय कळत नाय.”

आणि पाडकामाच्याच आठवड्यात खतीबसाहेब दुबईत उतरले.

त्यांचा धाकटा भाऊ खाडीपलीकडे देरामध्ये शिंप्याचं दुकान चालवी. त्याच्याकडे ते आले होते, आणि आलोच आहोत तर व्याह्यांचं कोर्ट पाहावं अशी त्यांची इच्छा होती. मामूंना निरोप आला तेव्हा खतीब खाडी ओलांडून निघालेसुद्धा होते. मामू धावत माझ्याकडे आले. “बाय, त्यांना तुज्या ऑफिसात बसवतो. चहा घेतील, जातील. तू काय बोलू नको.”

“खोटं बोलणार नाही.”

“खोटं बोलू नको. काय बोलूच नको.”

खतीब आले. उंच, काटकुळे, दाढी मेंदीने रंगवलेली, हातात छत्री. ऑफिसात टेबल होतं, फायली होत्या, भिंतीवर राणीची तसबीर होती आणि मी टाइप करीत होते. त्यांनी चारी बाजूंना पाहून समाधानाने मान हलवली. “तुमी कोर्टातल्या काय?” त्यांनी मला विचारलं.

“कंपनीतली,” मी म्हटलं आणि टाइप करीत राहिले.

त्यांनी चहा घेतला. मुलाबद्दल बोलले. मुलगा मॅट्रिक झाला आहे, त्यालाही इथे बारमध्ये चिकटवता येईल का, असं त्यांनी विचारलं. मामूंनी बशी टेबलावर ठेवली. “बार बंद व्हतोय, खतीबसाहेब,” ते म्हणाले. हे खरंच होतं. खतीबांना वाईट वाटलं. न्यायाचं काम बंद होणं चांगलं लक्षण नाही, असं ते म्हणाले.

नेमक्या त्याच वेळी समोर नांगराच्या मागच्या दारातून सहा मजुरांनी काउंटर बाहेर काढला. बारा फूट लांब, चार बोटं जाड, बर्मा सागाचा अखंड फळा. कुठल्याशा मोडीत काढलेल्या जहाजावरून कंपनीने तो आणला होता, आणि नऊ वर्षं मामूंनी रोज तेल लावून तो आरशासारखा ठेवला होता. मजुरांनी तो वाळूवर टेकवला. खतीब खिडकीशी गेले, मग चहा टाकून बाहेर गेले. कोकणातल्या माणसाला असं लाकूड दिसलं की तो हात लावल्याशिवाय राहत नाही. त्यांनी बोटांच्या पेरांनी फळा वाजवला, वाकून त्याची शीर पाहिली.

“हे कशाचं?”

“बारचं,” मामू म्हणाले.

“वकिलांसमोरचं?”

मामूंनी बाहीने फळ्यावरची वाळू झाडली.

“ह्याचं काय करणार?”

पाडकामावर लक्ष ठेवणारा इंग्रज तिथेच उभा होता. खतीबांनी त्याला खुणा करून विचारलं, तेव्हा तो मामूंच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, “टेक इट, जज. इट्स युवर्स.”

खतीबांना जज एवढं कळलं आणि ते भारावून गेले. “व्याहीबुवा, ही अल्लाची योजना. आमचं मिंबर वाळवीनं खाल्लं. ह्या सागाच्या पायऱ्या करू. ज्या लाकडावर न्याय झाला, त्यावर उभं राहून खुत्बा द्यायचा, ह्याहून मोठं काय? येत्या गुरवारी, जुमेरातला, रत्नागिरीचं गलबत जातंय. माजा धाकटा भाव त्यात लाकूड चढवील.”

मी दारात उभी होते. मामूंनी डोक्यावरची टोपी काढली आणि परत घातली. एक शब्द बोलले नसते तरी चाललं असतं. लाकूड गेलं असतं, लग्न झालं असतं, मिंबर झालं असतं आणि सागाला वाळवी लागत नाही, त्यामुळे ते टिकलंही असतं. मी स्वतः, खरं सांगायची एवढी हौस असलेली, त्या क्षणी मनात म्हणत होते, की मामू, आता गप्प राहा.

“खतीबसाहेब,” मामू म्हणाले, “ह्या लाकडावर नऊ वर्सं दारू सांडलीय.”

“वकील दारू पितात?”

“वकील नाय. गोरे. हा बार म्हंजे दारूचं दुकान. गोरे पीत व्हते. मी ओतीत व्हतो.”

मजूर फळा सोडून बाजूला झाले होते. त्यांना भाषा कळत नव्हती, पण काहीतरी पडलंय हे कळत होतं. खतीबांनी फळ्यावरचा हात उचलला आणि रुमालाने पुसला. बराच वेळ पुसला.

“घोट?”

“नाय. वास रोज घेतला. घोट नाय.”

“नमाज?”

“सोडली नाय.”

“पोरगीला म्हाईत हाय?”

“नाय. घरात कोनाला नाय. पोरगीवर ह्याचा राग काढू नका. तिनं फकस्त जेवन खाल्लं.”

खतीब माझ्याकडे वळले. “तुमी ह्यांना वळखता. खरं हाय हे?”

“खरं आहे,” मी म्हटलं. “त्यांनी ओतली तेही खरं, आणि कितीजणांना ओतायचं नाकारलं तेही खरं. त्याचे साक्षीदार विलायतेला गेले.”

खतीब छत्री टेकून उभे राहिले. मामू मान खाली घालून वाळूकडे पाहत होते. इतक्या वर्षांत मी त्यांना असं पाहिलं नव्हतं. पोलीस आले असते तरी ते एवढे घाबरले नसते. मुलीचं लग्न त्या छत्रीच्या टोकावर होतं.

“लाकूड हितंच राहू दे,” खतीब शेवटी म्हणाले. “लग्न ठरलंय तसं.”

मामू त्या फळ्यावरच बसले.

“पन एक आयका. हे आज बोललाव ते बोललाव. परत बोलायचं नाय. गावात तुमी वकीलच राहायचं. मी खतीब हाय. लोकांना दारूपासून दूर राहा म्हनून सांगतो. माज्या पोराचा सासरा कोन, हे कोनी जुम्म्याला विचारलं, तर मी काय तोंडानं सांगू?”

“म्हंजे खोटं बोलायचं?”

“आजवर काय करीत व्हताव?”

मामूंकडे ह्याला उत्तर होतं, ते मी अनेकदा ऐकलं होतं. पण त्यांनी ते दिलं नाही. दोघे व्याही एकमेकांच्या गळ्यात पडले नाहीत. खतीबांनी राहिलेला चहा मागून घेतला, गार झालेला प्याले आणि खाडीकडे चालू लागले. फळा दोन दिवस उन्हात पडून राहिला, मग नव्या गोदामाचा स्लॅब टाकताना खाली आधाराला लागला. पंधरा दिवसांनी मामू बोटीने गेले. काळा कोट त्यांनी स्टोअरच्या खिळ्यावर तसाच ठेवला आणि मिस्टरांकडून पावती घेतली, एक कोट परत केला म्हणून.

नांगराची जागा आता कुठे होती हे दुबईत कोणी सांगू शकत नाही. मिस्टर म्हणतात टाकीच्या उत्तरेला. पण टाकी कुठे होती हेही सांगता येत नाही. जुन्या लोकांच्या बैठकीत अधूनमधून विषय निघतो. तिथली बिअर कशी बर्फगार असे, असं सांगणारे भेटतात. जज नावाचा बारमन गोवेकर होता, इराणी होता, पंजाबी होता आणि रोज एक बाटली रिचवायचा, असंही ऐकलं. सांगणारा माणूस बहुधा बार पडल्यानंतर चार वर्षांनी आलेला असतो. मी दुरुस्ती करायच्या भानगडीत पडत नाही.

लग्नानंतर सात-आठ वर्षांनी आम्ही सुट्टीवर रत्नागिरीला गेलो, तेव्हा होडी करून मामूंना भेटून आलो. ते पडवीत बसले होते, केस पांढरे, चष्मा लागलेला. समोर तीन माणसं सात-बाराचे उतारे घेऊन बसली होती. मामू एकेक उतारा डोळ्यांजवळ नेत आणि परत देत. मला पाहून त्यांचा चेहरा ओशाळला. माणसं गेल्यावर हळूच म्हणाले, “काय करू, बाय? रोज येतात. मना कायदा म्हाईत नाय, म्हनून मी सगळ्यांना सांगतो, कोर्टात जाऊ नका, आपसात मिटवा. तर लोक म्हनतात, असा वकील बघितला नाय. रात्री झोप येत नाय मना. एवढं खोटं बोलायचं म्हंजे वय लागतं.” खतीबसाहेब वारले होते. ज्याला शब्द दिला तो माणूसच गेला, त्यामुळे आता शब्द मोडायला परवानगी मागायची कोणाकडे, हा त्यांचा नवा प्रश्न होता.

हलिमा माहेरी आली होती. दोन मुलं, अंगाने भरलेली, बोलायला चुरचुरीत. मला चुलीपाशी बसवून तिने वाफवलेली सांदणं वाढली आणि दाराकडे बघून म्हणाली, “खाला, तुमी अब्बांच्या ऑफिसातल्या ना? तुमाला सांगते. त्यांना नका सांगू. गावात सगळ्यांना म्हाईत हाय.”

“काय?”

“बार कसला व्हता ते. दुबईवरनं दर वर्सी मानसं येतात, ती काय मुकी हायत? ते दोघं फिटर पयल्याच सुट्टीला सांगून गेले. मना शाळेतच म्हाईत झालं.”

“मग कोणी बोललं कसं नाही?”

“दादी सगळ्यांच्या दारात जाऊन सांगून आली, माज्या इब्राहीमला कळता कामा नये की आपल्याला कळलं. तो पोरींसारखा लाजरा हाय, नोकरी सोडील आनि उपाशी मरंल. मग काय. सासऱ्यांनासुद्धा मागनी घालायच्या आधी म्हाईत व्हतं.”

“ते सागाचं लाकूड मागितलं, तेव्हाही?”

हलिमा हसली. “ते मना म्हाईत नाय. ते हयात असताना विचारायची हिंमत झाली नाय.”

आयुष्यभर ह्या माणसाला मी सांगत आले, की खरं सांगून टाका. आता खरं माझ्या हातात होतं आणि तो दहा पावलांवर पडवीत बसला होता. एका वाक्यात त्याची झोप परत आली असती. पण मग त्याला हेही कळलं असतं, की इतकी वर्षं अख्खं गाव कामं टाकून उतारे घेऊन त्याच्यासमोर का बसत आलं. त्याला वकील मानणारं त्या गावात एकही माणूस नव्हतं, आणि त्याच्याकडे येणं एकानेही थांबवलं नव्हतं. मी हात धुतले आणि बाहेर आले.

मामूंनी मान वर केली. “काय एवढं कुजबुजत व्हती पोरगी?”

“सांदण फुगायला काय घालते, ते सांगत होती,” मी म्हटलं.